फौजदाराचे बाळंतपण

फौजदाराने पहिले अंडे घातले तेव्हा आत्ती मंदिरात होती. एवढी एक गोष्ट सोडली, तर त्या सकाळी माझ्या बाजूने काहीही नव्हते.

फौजदार हे आमच्या कॉकाटीलचे, म्हणजे पोपटाच्या जातीतल्या पाळीव पाखराचे, नाव. दोन वर्षांपूर्वी मी त्याला साताऱ्याहून सांगलीला आणला. अंग सायीसारखे पिवळट पांढरे, गालांवर दोन शेंदरी टिकल्या आणि डोक्यावर मनात येईल तेव्हा उभा राहणारा तुरा. "नर हाय, शंभर टक्के," असे दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितले होते. घरी आल्यावर त्याने छाती काढून खिडकीच्या गजांवरून अशी काही गस्त घातली, की समोर राहणाऱ्या निवृत्त सुभेदार हंबीररावांनी उभ्या उभ्या त्याचे नाव ठेवून टाकले. तो शीळ घालत नसे, गात नसे. मला ते आवडले. माझ्यासारखाच कुणीतरी घरात आला, असे वाटले. या जातीत गाणारा तो नर आणि गप्प बसणारी ती मादी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तिच्या जातीची रीत मी त्याचा स्वभाव समजलो.

मी तासगाव रस्त्यावरच्या एका शीतगृहात बेदाण्याची प्रत तपासतो. तिथे माणसे कमी आणि खोकी जास्त असतात, त्यामुळे माझे बरे चालले आहे. जूनमध्ये मी तिथून एक रिकामे खोके घरी आणले आणि माझ्या खोलीत कपाटाच्या आडोशाला ठेवले. उचलता यावे म्हणून या खोक्यांना दोन्ही बाजूंनी पंजा जाईल एवढी भोके असतात. दुसऱ्याच दिवशी फौजदार त्या भोकातून आत गेला. मला कौतुक वाटले. मी आत वर्तमानपत्रे टाकली, त्याने चोचीने त्यांच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या केल्या. मी मका उकडून दिला, चणे भिजवून दिले. मला वाचल्याशिवाय झोप येत नाही, त्यामुळे त्याचाही दिवस माझ्या दिव्याबरोबर लांबत गेला. पाखराला घरटे मांडायला एवढेच पुरते, हे मला फार उशिरा कळले: अंधारा कोपरा, फाडायला काहीतरी, मऊ अन्न आणि मोठा दिवस. जोडीदार असलाच पाहिजे, असेही नाही. ज्या ऋतूची वाट पाहायला मी स्वतः कधी धजलो नव्हतो, तो मी माझ्या खोलीच्या कोपऱ्यात एका पाखरासाठी नकळत तयार केला होता.

आता आत्तीविषयी. चंदनबाला आत्ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी तिचे यजमान गेले, मूलबाळ नाही. अकरावीपासून मी तिच्याकडे आहे. तिच्या घरात कांदा येत नाही, बटाटा येत नाही, पाणी गाळल्याशिवाय प्यायले जात नाही आणि सूर्य मावळल्यावर चूल पेटत नाही. अंडे हा शब्दही ती उच्चारत नाही. अगदीच नाइलाज झाला तर 'ते' म्हणते. फौजदार आला त्याच दिवशी तिने बजावले होते:

"पाखरू ऱ्हाऊ दे. पर ह्या घरात कवा 'ते' दिसलं, तर त्याच दिवशी ह्याची रवानगी सुभेदाराकडं."

सुभेदारांकडे एक कान तुटलेला बोका होता. चिमण्यांच्या बाबतीत त्याची कीर्ती गल्लीभर होती.

"आत्ती, नर आहे तो," मी निर्धास्तपणे म्हणालो होतो.

त्यात यंदा मुनिमहाराजांचा चातुर्मास आमच्याच भागात होता. महाराजांच्या आहारासाठी श्रावक आपापल्या घरी चौका मांडतात, म्हणजे अत्यंत शुद्ध असा वेगळा स्वयंपाक करतात, आणि सकाळी दारात कलश घेऊन उभे राहतात. महाराज मनात एखादी खूण धरून निघतात; ती ज्या दारात जुळेल तिथेच थांबतात. आत्ती आजवर तीन चातुर्मास दारात उभी राहिली आणि तिन्ही वेळा महाराज पुढे गेले. त्यांतल्या दोन वेळा ते चार घरे सोडून त्रिशलाकाकूंच्या दारात थांबले. तेव्हापासून आत्ती आणि त्रिशलाकाकू यांच्यात बोलणे नाही. यंदाचा चौका श्रावणातल्या शेवटच्या रविवारी ठरला होता, आणि त्यासाठी आत्तीने महिनाभर आधीपासून घराचा कोपरा न् कोपरा धुवायला घेतला होता.

अशा घरात, अशा श्रावणात, बेदाण्याच्या खोक्यात ते पांढरे अंडे पडले होते. अंगठ्याच्या पेराएवढे. फौजदार त्याच्याकडे मान तिरकी करून पाहत होता. जणू हे कुणी आणून ठेवले याचा तपास त्याच्याकडेच सोपवला होता.

मी ते सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवले आणि बाहेर पडलो. दारातच आत्ती भेटली.

"खिशात काय रं फुगलंय?"

"बेदाण्याचा नमुना."

"मग असा चालतोस का, पोटात दुखल्यागत?"

मी सुभेदारांच्या कुंपणात शिरलो, कर्दळीच्या बुडाशी खड्डा केला आणि अंडे पुरले. वर पाहतो तो सुभेदार.

"कसलं बी पेरतोयस रं?"

मला खोटे बोलता येते, पण ते एका दिवसात एकदाच. मी सगळे सांगून टाकले. सुभेदार आधी पायरीवर बसले, मग डोळे पुसू लागले.

"फौजदार बाळंत! आरं, सव्वीस वर्षं पलटणीत काढली, पर असला फौजदार न्हाई बघितला."

"काका, हळू बोला."

"मला का न्हाई दिलंस? एवढ्याशाचं आमलेट व्हायाचं न्हाई, पर चव तरी कळली असती."

"काका!"

"बरं, बरं. पुर. तोफेची सलामी देऊ का?"

मला वाटले, संकट पुरले गेले. तिसऱ्या दिवशी खोक्यात दुसरे अंडे होते. पाचव्या दिवशी तिसरे. मी काढत गेलो, ती घालत गेली. दोघेही आपापल्या जागी चिकाटीचे. कर्दळीखालची माती सात वेळा उकरली गेली. सातव्या अंड्यानंतर फौजदार गजावर चढेना. पिसे फुगवून खाली बसून राहिली, आणि पायांची पकड इतकी सैल झाली की बोटावर घेतले तर घसरू लागली. तिचा तुरा पडलेला मी प्रथमच पाहिला. आत्तीपासून तिला वाचवता वाचवता मीच तिला मारत होतो की काय, या विचाराने मला त्या दिवशी बेदाण्याचा रंगही नीट दिसेना.

पक्ष्यांचे पाहणाऱ्या डॉक्टर इस्लामपुरात आहेत, असे कळले. मी फौजदाराला खोक्यासकट एसटीत घेऊन बसलो.

"खोक्यात काय हाय?" कंडक्टरने विचारले.

"फौजदार."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि तिकीट एकच फाडले.

डॉक्टर क्रांती कुठल्याशा गोठ्यातून नुकत्याच आल्या होत्या. बाह्या अजून वरच होत्या. त्यांनी फौजदाराच्या शेपटीची पिसे खालून उलगडली.

"ह्या फिकट पट्ट्या दिसतात? मादी आहे ही. पांढऱ्या रंगात पटकन कळत नाही, म्हणून दुकानदार नर म्हणून खपवतात. किती घातली?"

"सात."

"कुठं आहेत?"

"सुभेदारांच्या कर्दळीखाली."

त्यांनी पेन खाली ठेवले. "सगळी काढली तुम्ही?"

"घातल्या घातल्या."

"आवं, मग ती थांबंल कशी? खाली काहीच दिसंना म्हटल्यावर ती परत घालणार. स्वतःच्या हाडातलं काढून घालतीया बिचारी. आणखी दोन-तीन झाली की एखादं आत अडकंल, आणि मग माझ्याकडं आणूनबी उपयोग नाही."

"मग काय करायचे?"

"काही करायचं नाही. ठेवायची तिच्याखाली. वीस-बावीस दिवस बसंल. काही होत नाही म्हटल्यावर कंटाळून आपली आपण उठंल. तेव्हा अंडी काढा, खोकंपण काढा, मका बंद करा आणि संध्याकाळी लवकर दिवा घालवा."

"आमच्या घरात अंडे चालत नाही," मी खाली पाहत म्हणालो.

"आणि पक्षी चालतो? पक्षी काय झाडाला लागतो व्हय?"

या प्रश्नाला आमच्या घरात कुणी तोंड दिले नव्हते. त्या हसल्या, कॅल्शियमच्या थेंबांची बाटली हातात दिली आणि म्हणाल्या, "मग खोटी ठेवा. तिला आकार लागतो, खाली काहीतरी गोल लागतं. खरं-खोटं ती बघत नाही."

माझ्या ओळखीत अशी बरीच माणसे आहेत, असे मनात आले. पण मी फक्त मान डोलावली.

खोटी अंडी सुभेदारांनी केली. पांढरे सिमेंट मळून, तळहातावर वळून, घासून, दोन दिवस पाण्यात मुरवून त्यांनी तीन अंडी ओसरीच्या कठड्यावर एका रांगेत वाळत ठेवली.

"मधलं जरा ढेरपोट झालंय," ते मागे सरून म्हणाले. "पर पलटणीत असायचा एखादा तसा."

मी ती खोक्यात ठेवली. फौजदाराने एकेक अंडे चोचीने उलटून पाहिले, पोटाखाली ओढले, पिसे पसरली आणि डोळे मिटले. चार दिवसांत तिचा तुरा पुन्हा अर्धा उभा राहिला. मला वाटले, आता सर्वांचेच भागले: पाखराला अंडी मिळाली, आत्तीच्या घरात अंडे नाही, आणि माझ्या सदऱ्याचा खिसा मोकळा.

शनिवारी सकाळी खोक्यात पाहिले तर चार होती.

आठवे तिच्या अंगात आधीपासूनच तयार झाले असणार. सुभेदारांनी काम इतके चोख केले होते, की चारांतले खरे कोणते हे मला ओळखता येईना. काढायचे नाही, हे डॉक्टरांनी बजावले होते. दुसऱ्या दिवशी चौका होता; त्यानंतर बघू, असे स्वतःला सांगून मी कामावर गेलो. दुपारी परत आलो तेव्हा आत्ती माझ्या खोलीत होती. कपाट भिंतीपासून पुढे ओढलेले, हातात ओले फडके, आणि समोर खोके.

"भरतेश."

"आत्ती."

"हे काय हाय?"

"खोटी आहेत. सिमेंटची. सुभेदारांनी केलीत." वाक्ये खरी होती, फक्त एक कमी होते.

"बघू."

तिने आत हात घातला. फौजदार तुरा मागे चापून फिस्कारली, डोलली, पण जागची हलली नाही. आत्तीने एक अंडे उचलले आणि फरशीवर आपटले. टक्. फुटले नाही. तिने दुसरे उचलले. थांब म्हणावे, हे मला कळत होते. पण आयुष्यभर मी जे शब्द गिळत आलो, त्यांच्या गर्दीत तो एक शब्द पुढे येईना. टक्. तिसरे. टक्. आत्तीचा चेहरा सैल झाला.

"सिमेंटच की रं," ती म्हणाली, जवळजवळ हसत.

दुसऱ्या कुणी इथे समाधान मानले असते. पण आत्ती डाळ निवडते ती शेवटच्या दाण्यापर्यंत. तिने चौथे उचलले, हात वर नेला,

"थांब!"

हा आवाज माझा होता, हे फौजदारालाही खरे वाटले नसावे. आत्तीचा हात वरच राहिला.

"तेवढं खरं आहे."

आत्तीने हात हळूहळू खाली आणला आणि मूठ उघडली. जन्मात ज्याचे नावही घेतले नाही, ते तिच्या तळहातावर होते. टाकावे तर फुटेल, ठेवावे तर कुठे?

"आत जीव हाय?" तिने विचारले. आवाजात राग नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो.

"नाही. नरच नाही ना. डॉक्टर म्हणाल्या."

"डॉक्टर केवलज्ञानी हाय काय?"

मी खोक्यापाशी खाली बसलो.

"गरम हाय रं," ती म्हणाली.

मग मी सगळे सांगितले. सात अंडी, कर्दळ, इस्लामपूर, हाडांतले कॅल्शियम. ती अंड्याकडे पाहतच ऐकत होती.

"सात?"

"हो."

"तू न्हेत ऱ्हायलास आन् ती परत परत घालत ऱ्हायली?"

"हो."

"आन् मला का न्हाई सांगितलंस?"

"तू तिला सुभेदारांकडे पाठवली असतीस. तिथे तो बोका आहे."

आत्तीने बाकीची तीन एकेक करून परत ठेवली, आणि शेवटी ते चौथे. फौजदाराने तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला. आत्तीने बोट काढून घेतले नाही. अंडे पूर्ण पिसांखाली गेल्यावरच तिने हात बाहेर काढला, आणि बोटावरचे रक्त पदराला पुसले.

"उद्या पहाटे तिला दुसरीकडे नेतो," मी म्हणालो. "इस्लामपूरला विचारतो. तुझा चौका..."

"खुळा हाइस काय? बसलेलीला उठवतोस? ती कुठं जायची न्हाई."

"पण मग महाराज?"

"घरात बाळंतीण असली म्हंजी सोयर धरत्यात. दहा दिवस. सोयराच्या घरात आहार हुईत न्हाई."

"आत्ती, पाखराचं सोयर कुणी धरतं का?"

"तू मला शिकवू नगंस. सात न्हेलीस तवा कुणाला इचारलंवतंस?"

ती उठली. चिंच लावून लख्ख घासलेला कलश तिने पांढऱ्या फडक्यात गुंडाळला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. ठेवून झाल्यावरही तिचा हात थोडा वेळ त्या फळीवरच होता. मग ती चप्पल घालून मंदिरात निरोप द्यायला गेली.

रविवारी सकाळी आमचे दार बंद होते. गल्लीत कलश घेतलेली माणसे उभी होती. आत्ती खिडकीच्या जाळीमागे हात जोडून उभी राहिली. महाराज आले. आमच्या दारापुढे त्यांची पावले किंचित मंदावली, की मलाच तसे वाटले, हे मी आजही सांगू शकत नाही. मग ते पुढे गेले, आणि चार घरे सोडून त्रिशलाकाकूंच्या दारात आनंदाचा गलका उठला. आत्ती जाळीपासून मागे झाली, आणि फौजदाराच्या वाटीतले पाणी बदलू लागली.

दुपारी मी दूध आणायला निघालो, तेव्हा गल्लीतल्या गप्पा माझ्या पुढे पुढे बंद होत गेल्या. सुभेदार कुंपणाशी उभे होते. चेहरा गंभीर, पण मिशा थरथरत होत्या.

"भरतेश, गल्ली तुझ्याकडं बघाया लागलीया."

"का?"

"मंदिरात तुझ्या आत्तीनं काय सांगितलं? घरात सोयर हाय. आता तुमच्या घरात माणसं दोन. एक चौसष्ट वर्साची इधवा, आन् एक तू, बिनलग्नाचा. मग बाळंतीण आली कुठनं?"

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. "काका, तुम्ही सांगितलं नाहीत?"

"छ्या. मी गप हाय. एवढी मजा पेन्शनीत आल्यापास्नं आली न्हाई."

दूध न घेताच मी परत फिरलो. चारच्या सुमारास दाराची कडी वाजली. दारात त्रिशलाकाकू. दोन वर्षांत प्रथमच. हातात स्टीलचा डबा, आणि डोळे माझ्या खांद्यावरून थेट आतल्या खोलीत पोहोचलेले.

"तू कळवलं न्हाईस, चंदनबाला," त्या आत्तीला म्हणाल्या. "पर आपलं बायकांचं कर्तव्य असतंय. डिंकाचं लाडू हाईत. बाळंतीण कुठं हाय?"

"पाय धू," आत्ती म्हणाली. "आन् हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

काकूंनी पाय धुतले आणि चवड्यांवर चालत खोलीत आल्या. आत्तीने खोक्याकडे बोट दाखवले. काकू गुडघ्यांवर बसल्या आणि भोकाला डोळा लावला. मी दारात उभा राहून त्या हसण्याची वाट पाहत होतो, जे संध्याकाळपर्यंत अर्ध्या सांगलीत पोहोचेल आणि आत्तीला पुन्हा मंदिरात मान वर करू देणार नाही.

"किती?" त्यांनी दबक्या आवाजात विचारले.

"चार. त्यातली तीन सिमेंटची."

"आन् म्या..." काकूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. "म्या काल रातीपास्नं ह्या पोराला काय काय म्हटलं गं मनात!"

त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. आत्तीने काकूंकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि गल्लीने काय समज करून घेतला हे तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आले. ती खाली बसली. तिचे खांदे हलू लागले. बारा वर्षे मी या बाईच्या घरात राहिलो, पण तिला असे आवाज दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताना पाहिले नव्हते. दोघी एकमेकींचे हात धरून हसत होत्या, आणि खोक्यातून फौजदार त्यांना फिस्कारत होती. मी पाणी आणण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळालो.

परत आलो तेव्हा त्या खोक्याच्या दोन बाजूंना भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"तिला चालत्यात का गं लाडू?" काकू विचारत होत्या.

"न्हाई. गोड, मऊ काय द्यायचं न्हाई. डॉक्टरीण म्हणालीया."

"मग न्हेऊ माघारी?"

आत्तीने डबा स्वतःकडे ओढला. बाळंतिणींसाठी हे लाडू तिने किती घरांत वळून दिले असतील, त्याची गणती नसेल; तिच्यासाठी मात्र ते कधी कुणी वळले नव्हते. तिने झाकण काढले, एक लाडू उचलला, तळहातावर जरा फिरवून पाहिला आणि अर्धा मोडून तोंडात टाकला. ती सावकाश, लक्ष देऊन चावत राहिली. आम्ही दोघे तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

"तूप कमी पडलंय," ती म्हणाली, आणि उरलेला अर्धा संपवून तिने दुसरा उचलला.